निविदेतून सूट, हिशेबातून नव्हे
सार्वजनिक संस्थांच्या आपसांतील करारांविषयी काही विचार

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि विविध खात्यांचे अधिकारी यांच्यासमोर अकोला येथे दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. वक्ते जिल्हा पातळीवरील लेखाशाखेत अनेक वर्षे काम करून निवृत्त झालेले अधिकारी आहेत.)



सार्वजनिक पैशाने काहीही विकत घ्यावयाचे झाले म्हणजे निविदा मागवावी, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु विकणारी संस्थाही जेव्हा सार्वजनिक असते, तेव्हा निविदा हवी की नको, या प्रश्नावर आपल्या कार्यालयांत बराच गोंधळ दिसून येतो. काहींची समजूत अशी की, समोर महामंडळ असले म्हणजे कसलाच नियम लागू नाही. काहींना अशी भीती वाटते की, निविदेवाचून एक कागदही हलविला तर लेखापरीक्षेत आक्षेप येईल. पहिल्या समजुतीने पैसा बुडतो, दुसऱ्या भीतीने काम बुडते. या दोहोंमधील वाट कोणती, हे आज आपणांपुढे मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

एकच हात की दोन हात?

प्रथम एक मूलभूत भेद लक्षात घ्यावयास हवा. कृषी खात्याने आपल्या इमारतीचे काम सार्वजनिक बांधकाम खात्याकडे सोपविले, तर तो कायद्याच्या अर्थाने करार होत नाही. दोन्ही खाती एकाच शासनाची अंगे आहेत. उजव्या हाताने डाव्या हाताशी करार करावयाचा नसतो. राज्याचे करार राज्यपालांच्या नावाने करावेत, असे भारतीय राज्यघटनेचे अनुच्छेद २९९ सांगते. दोन्ही बाजूंस राज्यपालच असतील तर करार कोणाचा कोणाशी होणार?

जिल्हा परिषदेची गोष्ट मात्र निराळी आहे. १९६१ च्या अधिनियमाने जिल्हा परिषदेला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व दिलेले आहे. महानगरपालिका, कृषी विद्यापीठ, जीवन प्राधिकरण, वीज कंपनी, बियाणे महामंडळ या साऱ्या कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळ्या व्यक्ती होत. त्यांच्यात जो व्यवहार होतो तो करारच असतो. त्यास कागद लागतो, किंमत लागते, मुदत लागते, आणि बिनसले तर उत्तरदायी कोण हे ठरलेले असावे लागते. सूट देण्याघेण्याचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

अकोल्याचे उदाहरण

हा विषय समजून घेण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे आपले महाबीज, २८ एप्रिल १९७६ रोजी स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय येथेच अकोल्यात आहे. बियाण्यास प्रमाणपत्र देणाऱ्या राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणेचे मुख्यालयही अकोल्यातच. आणि ज्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या संशोधनातून नवे वाण निघतात, ते १९६९ साली याच नगरीत उभे राहिले. बियाण्याच्या एका पिशवीमागे किती सार्वजनिक संस्था उभ्या असतात, हे या तीन नावांवरून ध्यानात येईल.

विद्यापीठ पैदासकार बियाणे देते. त्यापासून पायाभूत बियाणे व पुढे प्रमाणित बियाणे तयार होते. महामंडळ शेतकऱ्यांच्या शेतावर बीजोत्पादनाचा कार्यक्रम घेते. यंत्रणा शेताची पाहणी व प्रयोगशाळेत तपासणी करते. मग केंद्र व राज्य शासनाच्या योजनांतून ते बियाणे अनुदानित दराने शेतकऱ्यांपर्यंत पोहोचते. विद्यापीठाच्या अमरावती येथील केंद्रातून निघालेला 'सुवर्ण सोया'सारखा सोयाबीनचा वाण शेतात पोहोचावयाचा तर या साखळीतील प्रत्येक कडी वेळेवर जुळावी लागते.

येथे दर वेळी खुली निविदा मागविली तर काय होईल? विद्यापीठाने निर्माण केलेल्या वाणाचे पैदासकार बियाणे दुसऱ्या कोणाकडे मिळणारच नाही. तेथे स्पर्धा हा केवळ देखावा ठरेल. शिवाय वऱ्हाडातील पेरणी मृगाच्या पावसावर चालते. निविदेचा घोळ जूनअखेरपर्यंत लांबला तर आलेले बियाणे गोदामात ठेवण्यापलीकडे उपयोगाचे नाही. तेव्हा अशा व्यवहारात थेट करारास जागा आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र मृग नक्षत्र दरवर्षी येते. ती काही आकस्मिक आपत्ती नव्हे. जे काम जानेवारीत ठरविता आले असते ते मेअखेरीस 'तातडीची बाब' म्हणून निविदेवाचून मंजूर करून घेणे, हा सुटीचा उपयोग नसून आपल्या दिरंगाईवर घातलेले पांघरूण होय.

मालक कोण, हे पाहावे

महाबीजच्या भागभांडवलाकडे पाहिले म्हणजे आणखी एक बाब ध्यानात येते. त्यात राज्य शासनाचा वाटा ४९ टक्के आणि राष्ट्रीय बीज निगमचा सुमारे ३५ टक्के आहे. उरलेले भाग कृषी विद्यापीठे आणि बीजोत्पादक शेतकरी यांच्याकडे आहेत. म्हणजे ही संस्था मुख्यतः सार्वजनिक असली तरी तिच्यात हजारो शेतकऱ्यांचा खासगी पैसाही आहे. शेतकरी भागधारक असावा ही कल्पना स्तुत्यच आहे. परंतु 'सार्वजनिक संस्था' या दोन शब्दांत किती निरनिराळ्या घडणीच्या संस्था सामावतात, हेही त्यावरून समजते.

युरोपात या प्रश्नाचा फार बारकाईने विचार झाला आहे. इटलीतील व्हियानो नावाच्या एका लहानशा गावाने इमारती उबदार ठेवण्याच्या यंत्रणेचे काम अनेक नगरपालिकांनी मिळून काढलेल्या संस्थेकडे निविदेवाचून दिले. टेकाल या खासगी कंपनीने त्यास आव्हान दिले. १८ नोव्हेंबर १९९९ रोजी युरोपीय न्यायालयाने दोन कसोट्या घालून दिल्या. काम देणाऱ्या संस्थेचे त्या दुसऱ्या संस्थेवर आपल्या खात्यावर असावे तसे नियंत्रण हवे. आणि त्या संस्थेचे मुख्य काम आपल्या मालकांसाठीच चाललेले असावे. या दोन्ही गोष्टी असतील तरच सूट. पुढे २०१४ च्या निर्देशात 'मुख्य काम' म्हणजे ८० टक्क्यांहून अधिक असे मोजमाप ठरविण्यात आले, आणि खासगी भांडवलाच्या थेट सहभागास, काही मर्यादित अपवाद वगळता, मनाई करण्यात आली.

दुसरे उदाहरण जर्मनीतील हॅम्बुर्गचे. त्या शहराने व शेजारच्या चार जिल्ह्यांनी कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी २० वर्षांचा आपसांतील करार निविदेवाचून केला. २००९ साली न्यायालयाने तो ग्राह्य धरला. एकमेकांचे सार्वजनिक कर्तव्य पार पाडण्यासाठी केलेले ते सहकार्य होते, आणि त्यात कोणा खासगी उद्योगास आडमार्गाने लाभ दिलेला नव्हता.

हे नियम आपणांस लागू नाहीत. त्यांतील व्यवहारज्ञान मात्र आपल्या उपयोगाचे आहे. संस्थेच्या पाटीवरील नावाकडे न पाहता तिचे मालक कोण, तिच्यावर हुकमत कोणाची, आणि ती कोणासाठी काम करते, हे विचारावयास हवे.

आपला कायदा काय सांगतो?

आपल्याकडे या प्रश्नाचे मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मध्ये, म्हणजे समानतेच्या तत्त्वात आहे. मेरठ महानगरपालिकेच्या एका प्रकरणात १२ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शासकीय संस्थांनी कंत्राट देताना निविदा मागविणे ही मूलभूत आवश्यकता आहे. नैसर्गिक आपत्ती, एकमेव पुरवठादार, वारंवार मागणी करूनही कोणी पुढे न येणे, अशा विरळा प्रसंगीच नामनिर्देशनाने काम देता येईल. केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ साली या निर्णयाकडे सर्व खात्यांचे लक्ष वेधले.

घेणारा व देणारा दोघेही सार्वजनिक असतील तर? त्याचे उत्तर ३ जानेवारी २०२३ रोजी मिळाले. उत्तर प्रदेशात आयुर्वेदिक औषधांची खरेदी केंद्र शासनाच्या एका औषधनिर्मिती उपक्रमाकडून निविदेवाचून केली जात होती. केरळमधील एका सहकारी संस्थेने त्यास हरकत घेतली. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत त्या उपक्रमाबरोबर राज्यांच्या औषधशाळा व सहकारी संस्था यांचाही उल्लेख होता. मग एकाच उपक्रमाची निवड कशासाठी, याचे समर्पक कारण शासनाला देता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पुरवठादार सार्वजनिक उपक्रम आहे एवढ्याने नामनिर्देशन आपोआप वैध ठरत नाही. तेही समानतेच्या कसोटीस उतरले पाहिजे.

केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतही हीच दिशा दिसते. बांधकाम सार्वजनिक उपक्रमाकडे सोपवावयाचे असेल तर अशा उपक्रमांमध्ये आपसांत स्पर्धा घडवून आणावी, आणि ती मुख्यत्वे त्यांच्या सेवाशुल्काबाबत असावी, असे त्यांत सांगितले आहे. तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीचे स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः नियम व शासन निर्णयांवर चालतो. १ डिसेंबर २०१६ रोजीच्या शासन निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका लागू करण्यात आली. त्या पुस्तिकेची व तीत वेळोवेळी झालेल्या सुधारणांची प्रत प्रत्येक कार्यालयात हाताशी असली पाहिजे.

एक जुनी चूक

येथे मला स्वतःच्या नोकरीतील एक प्रसंग सांगितला पाहिजे. त्यात मोठेपणा काहीच नाही. एका खेड्यातील शाळेच्या दोन खोल्यांचे काम एका सार्वजनिक संस्थेकडे निविदेवाचून सोपविण्यात आले. संस्था शासनाची, तेव्हा चिंता कशाची, असा सर्वांचा भाव होता. अग्रिमाच्या देयकावर माझी सही होती. नस्तीत करारनामा नव्हता. होते ते 'काम हाती घेण्यास संमती आहे' एवढे एक पत्र. त्या संस्थेने आपला आकार ठेवून घेऊन ते काम एका खासगी कंत्राटदाराकडे सोपविले, आणि तेही निविदेवाचूनच. दुसऱ्या पावसाळ्यात छत गळू लागले.

आम्ही संस्थेला लिहिले. संस्थेने कंत्राटदाराकडे बोट दाखविले. कंत्राटदाराचा आमच्याशी करार नव्हता, आणि संस्थेशी असलेल्या आमच्या पत्रात दोषदुरुस्तीचा एक शब्दही नव्हता. मी पाहणीस गेलो तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी मुलांना व्हऱ्हांड्यात बसविले होते. त्या मला म्हणाल्या, "साहेब, छत गळतं हे आम्हाला दिसतंच आहे. ते दुरुस्त करायला सांगायचं कोणाला, तेवढं लिहून द्या." मला ते लिहून देता आले नाही. त्या खोल्या दोन वर्षांनी दुसऱ्याच निधीतून दुरुस्त झाल्या. दोन वर्षे मुले दाटीवाटीने एका खोलीत बसली.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकलो. निविदा ही केवळ स्वस्त दर मिळविण्याची युक्ती नव्हे. निविदेबरोबर अटी येतात, अनामत येते, मुदत येते, दंड येतो, दोषदायित्व येते. निविदा टाळली म्हणजे या साऱ्या गोष्टी नकळत गळून पडतात. सूट निविदेतून असते. या गोष्टींतून नसते.

किंमत कोण ठरविणार?

जेथे स्पर्धा नाही तेथे योग्य किंमत कशी ठरवावयाची, हा पुढचा प्रश्न. पाण्याच्या बाबतीत याचे चांगले उदाहरण आपल्याकडे आहे. अमरावती शहराला मोर्शीजवळील सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणातून जीवन प्राधिकरणामार्फत पाणी मिळते. अकोला महानगरपालिका महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी घेते. खारपाणपट्ट्यातील गावांसाठी वान धरणावरून ८४ खेड्यांची आणि काटेपूर्णेवरून खांबोऱ्याची ६४ गावांची योजना आहे. या ठिकाणी धरणाचे पाणी विकणारे जलसंपदा खाते एकच, घेणाऱ्या संस्था अनेक. निविदेचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून ठोक पाण्याचे दर ठरविण्याचे काम २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे देण्यात आले. विजेचे दरही असेच वीज नियामक आयोग ठरवितो. विकणारा व घेणारा दोघांहून निराळा असा तिसरा कोणी किंमत ठरवितो, हे येथील मर्म आहे. जेथे असा तिसरा नसेल तेथे चालू दरसूची, बाजारातील दरांची नोंद किंवा संस्थेचा खर्चाचा ताळेबंद तरी नस्तीत असला पाहिजे.

आणि दर ठरले तरी काम संपत नाही. प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेत ग्रामपंचायतीने पाणीपट्टी भरावयाची, योजना चालविणाऱ्या संस्थेने वीज देयक भरावयाचे, वीज कंपनीने पुरवठा चालू ठेवावयाचा. यांतील एकाची थकबाकी झाली की साखळी तुटते, आणि खारपाणपट्ट्यातील बाई पुन्हा डोक्यावर हंडा घेऊन निघते. त्या पाण्याची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना यातील गांभीर्य निराळे सांगावयास नको. सार्वजनिक संस्थांमधील भांडण लवकर मिटावे म्हणून १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय पातळीवर समितीची व्यवस्था घालून दिली होती. ती व्यवस्था विलंबाचे कारण होऊ लागल्याने न्यायालयानेच २०११ साली ते आदेश मागे घेतले. वाद उद्भवल्यावर समिती शोधण्यापेक्षा करारातच 'वाद झाल्यास अमुक अधिकारी अमुक दिवसांत निर्णय देईल' असे एक कलम घालणे बरे, हाच यातून घ्यावयाचा बोध.

कापसाने शिकविलेले

वऱ्हाडात बोलताना कापसाची आठवण होणारच. १९७१ च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून ती अमलात आली. खरेदीचे काम शासनाने सहकारी पणन महासंघाकडे अभिकर्ता म्हणून थेट सोपविले. व्यापाऱ्याच्या काट्यापासून शेतकऱ्यास सोडवावे, हा हेतू उदात्त होता, आणि अनेक हंगामांत त्याचा लाभही झाला. परंतु स्पर्धा नसताना प्रतवारी, चुकारे, रुई-गाठींची विक्री आणि तोटा यांचा हिशेब जितका चोख ठेवावयास हवा होता तितका राहिला नाही. तोटा साचत गेला आणि एकाधिकार पुढे संपुष्टात आला. आता भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते, आणि राज्याच्या पणन महासंघाने काही हंगामांत त्याचा उपअभिकर्ता म्हणून काम केले आहे. म्हणजे दोन सार्वजनिक संस्थांमधील करार येथेही आहेच. चुकारा किती दिवसांत, गाडी परत गेली तर जबाबदारी कोणाची, हे त्या करारात किती स्पष्ट लिहिले आहे, यावर बाजार समितीच्या आवारात रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याचे भवितव्य अवलंबून असते.

बियाण्याचेही तसेच. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवणशक्ती आवश्यक आहे. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या. त्यांत खासगी कंपन्यांबरोबर सार्वजनिक संस्थेच्या बियाण्याविषयीच्याही तक्रारी होत्या, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. पिशवीवर शासनाचे नाव पाहून शेतकरी अधिक विश्वासाने पेरतो. म्हणून तेथील उत्तरदायित्वही अधिक आहे. राखणीसाठी घातलेल्या कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोठे मागावयाची?

नस्तीवर सही करण्यापूर्वी

मित्रहो, उद्या आपणांपुढे अशी नस्ती आली तर पुढील प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे.

१. ही सूट कोणत्या नियमान्वये अथवा शासन निर्णयान्वये आहे? त्याचा क्रमांक व दिनांक टिपणीत आहे काय?

२. याच संस्थेची निवड का? हे काम करू शकणाऱ्या अन्य सार्वजनिक वा सहकारी संस्था आहेत काय, आणि त्यांना विचारले काय?

३. संस्था काम स्वतः करणार की पुढे देणार? पुढे देणार असेल तर तेथे निविदा होणार काय? सूट पहिल्या पायरीपुरतीच असते, ती कंत्राटदारापर्यंत झिरपता कामा नये.

४. किंमत वाजवी असल्याचा पुरावा कोणता? सेवाशुल्क किती?

५. मुदत, गुणवत्ता, दोषदुरुस्ती, अग्रिमाचे समायोजन आणि वादनिवारण यांची कलमे असलेला सहीशिक्क्याचा करारनामा आहे काय?

६. निर्णय व त्याची कारणे ग्रामसभेत किंवा फलकावर सर्वांस पाहता येतील काय? माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच. कोणी मागण्यापूर्वीच आपण द्यावे हे अधिक शोभणारे.

पंचायत सदस्यांनी हे प्रश्न विचारण्यास संकोच करू नये, आणि अधिकाऱ्यांनी ते अविश्वासाचे प्रश्न समजू नयेत. शिक्षकांनाही माझे सांगणे आहे. शाळेच्या आवारात काम सुरू होईल त्या दिवशी करारनाम्याची प्रत मागून घ्या व ती जपून ठेवा. माझ्या त्या मुख्याध्यापिका बाईंजवळ असा एक कागद असता तर त्यांच्या प्रश्नास उत्तर मिळाले असते.

सार्वजनिक संस्थांनी एकमेकींस साहाय्य करावे, यातच राज्याचे हित आहे. प्रत्येक गोष्ट बाजारातून घ्यावी असा माझा आग्रह नाही. विद्यापीठाचे वाण, महामंडळाचे बियाणे, धरणाचे पाणी ही जनतेचीच संपत्ती आहे, आणि ती जनतेपर्यंत विनाविलंब पोहोचावी म्हणूनच सुटीची तरतूद आहे. घरातल्या घरात उसनवारी करतानाही समजूतदार गृहिणी वहीत नोंद करून ठेवते. तो अविश्वास नसतो. घर टिकविण्याची ती रीत असते. तीच रीत आपल्या कार्यालयांत रुजावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!